घार नव्हे, धूळ

दोन हजार तीनशे अठरा. आकडा संगणकाने सांगितला, फोटो मात्र मी एकेक करून सगळे पाहिले. तीन संध्याकाळी गेल्या. मोतीबिंदूनंतर डॉक्टरांनी पडद्यापुढे बसायला रोज दोन तासांची मुभा दिली आहे, ती सगळी तुझ्यावर उधळली. तेव्हा हे पत्र शेवटपर्यंत वाचायचं. अर्ध्यावर अंगठ्याचं चित्र पाठवून सटकायचं नाही.

लिंकखाली तुझी एकच ओळ होती : 'सर, फोटोत दम येत नाहीये, कुठली लेन्स घेऊ?'

नाचता येईना अंगण वाकडं, हे मी मराठी शाळेत शिकलो. अंगण ग्रँड कॅनियनचं, चांगलं ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून खोल असलं तरी ते वाकडंच निघतं, हे तुझ्याकडून शिकलो.

लेन्स तुझ्याकडे तीन आहेत. नाही ते बूड, एका जागी तासभर टेकवता येईल असं. नऊ दिवसांत डेथ व्हॅली, ग्रँड कॅनियन, पेज, मॉन्युमेंट व्हॅली आणि कॅनियनलँड्स! तू तिथे गेला नाहीस रे, तिथून गेलास. प्रत्येक फाइलवर वेळ छापलेली असते हे विसरलास वाटतं. निम्म्याहून जास्त फोटो सकाळी दहा ते दुपारी चारमधले आहेत. त्या वेळी वाळवंटातला सरडासुद्धा दगडाखाली जाऊन बसतो. फिरतात फक्त बसमधले प्रवासी आणि माझा विद्यार्थी.

डेथ व्हॅलीतल्या मेस्किट फ्लॅटच्या वाळूपासून सुरू करतो. वाळूच्या टेकडीचा आकार डोळ्याला दिसतो तो सावलीमुळे. सूर्य क्षितिजावर हातभर असला की टेकडीचा कणा सुरीसारखा उठतो, एक अंग उजळ, दुसरं काळपट, आणि वाऱ्याने काढलेल्या बोटभर लाटांनाही ज्याची त्याची सावली मिळते. तू पोचलास बारा वाजून दहा मिनिटांनी. सावल्या गेल्या टेकडीच्या पोटात. फोटोत काय आलं? परातीत पसरलेला रवा. मग घरी बसून कॉन्ट्रास्ट आणि सॅच्युरेशन ओढलंस, म्हणजे रव्याचा शिरा केलास.

आणि पावलांचे ठसे! गाडीतळाजवळच्या पहिल्या टेकडीवर रोज शेकडो माणसं चढतात. पहाटे अंधारात निघून अर्धा-पाऊण तास आत चालत गेलं की कोरी वाळू मिळते. तिथेही ज्या कण्याचा फोटो घ्यायचा त्याला वळसा घालून जायचं असतं. तू आधी त्या कण्यावरून धावलास आणि मग वळून त्याचाच फोटो घेतलास. कुणाच्या दारातली रांगोळी तुडवायची आणि वर तिचाच फोटो काढायचा, तसलाच हा प्रकार. ठसे चौकटीत नकोतच, असं माझं म्हणणं नाही. टिमथी ओसलिव्हनने १८६७ साली नेव्हाडाच्या वाळूत खेचरांनी ओढलेली आपली अंधारखोलीची गाडी उभी केली, आणि गाडीपासून कॅमेऱ्यापर्यंत आलेली पावलं फोटोत ठेवली. काचेवरचं रसायन वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच गाडीत नेऊन धुवायचा, असा तो काळ. ती पावलं बघितली की त्या माणसाची धावपळ दिसते. तुझी पावलं बघितली की बुटाच्या कंपनीचं नाव वाचता येतं.

तिथेच उभ्या वाऱ्यात तू लेन्स बदललीस. कसं कळलं विचारू नकोस, शेवटी सांगतो.

डेथ व्हॅलीतल्याच बॅडवॉटरचं मीठ ओल्या सिमेंटसारखं करडं आलंय. समुद्रसपाटीखाली ८६ मीटर उतरलास, पण मीटर म्हणजे काय ते डोक्यात उतरलं नाही. कॅमेऱ्यातला मीटर बिचारा आंधळा आहे. त्याला समोरचं सगळं जग मधल्या करड्या रंगाचं वाटतं. पांढरं मीठ दाखवलंस तर तो घाबरून प्रकाश कमी करतो. त्याला सांगायचं, बाबा, हे पांढरंच आहे, आणि एक-दीड स्टॉप वाढवायचा. हे मी तुला पहिल्या महिन्यात गच्चीवर वाळत घातलेल्या धोतरावर शिकवलं होतं. धोतर आठवत असेल, धडा गेला.

ग्रँड कॅनियनचे ३१२ फोटो, आणि त्यांत एकच फोटो ३१२ वेळा. मेदर पॉइंट, सोळा मिलिमीटर, सगळी दरी एकदम. वर पांढरं फटक आभाळ, खाली निळसर धुरकट काहीतरी. दरी मोठी आहे म्हणून लेन्स रुंद लावायची, हे तुला कोणी सांगितलं? रुंद लेन्सने लांबचं सगळं बारीक होतं, दीड किलोमीटरची खोली हातावरच्या रेषेएवढी उरते. तुझ्या बॅगेत ७०-२०० निजली होती. ती लावून सूर्य मावळायच्या आधीच्या तासात एकच कडा पकडायचा, उजेडातला. त्याच्यामागे सावलीत गेलेला दुसरा, आणि दोघांमध्ये तरंगणारा तोच धूर, ज्याच्या नावाने दुपारी तू बोटं मोडत होतास. तिरप्या उजेडात तो धूरच एकेक कडा वेगळा करून दाखवतो. त्या कड्यांची नावं तरी वाचलीस का? क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने त्यांतल्या शिखरांना विष्णूचं आणि शिवाचं देऊळ म्हटलं, आणि तळाच्या, सुमारे १७० कोटी वर्षांच्या खडकालाही विष्णूचंच नाव आहे. साक्षात हरी आणि हर समोर उभे, आणि आमचे चिरंजीव कठड्याला टेकून कॉफीच्या पेल्याचा फोटो काढताहेत. क्रमांक ०८८७. आहे माझ्याकडे.

तू तक्रार केलीस की वाहनतळापासून पॉइंटपर्यंत फार चालावं लागतं. त्याच दक्षिण कड्यावर एल्सवर्थ आणि एमरी कोल्ब या भावांनी १९०४ च्या सुमारास स्टुडिओ थाटला. खेचरांवर बसून दरीत उतरणाऱ्या पाहुण्यांचे ते सकाळी वरच फोटो काढायचे, आणि पाहुणे संध्याकाळी परतेपर्यंत प्रिंट तयार हवी. पण कड्यावर पाणीच नाही, फिल्म धुणार कशाने? म्हणून एमरी सात किलोमीटरहून जास्त पायवाट पळत उतरायचा. खाली झऱ्यापाशी त्यांची अंधारखोली होती. तिथे धुऊन-छापून, नऊशेहून अधिक मीटरची चढण चढून, खेचरांच्या आधी वर हजर. हे रोजचं. तुला वाहनतळ लांब पडतो.

आता पेजजवळचं अँटिलोप कॅनियन. इथे मी खुर्चीतून उठलो आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या, तेव्हा कुठे रक्तदाब जागेवर आला. फ्लॅश मारलास? अरे, तिथे फ्लॅश?

नीट ऐक. ती कपार हातभर रुंद असली तरी काळोखी नाही. वरून सूर्य आत येतो, एका भिंतीवर आदळतो, तिथून समोरच्या भिंतीवर, पुन्हा इकडे, असा टप्पे खात खाली उतरतो. प्रत्येक टप्प्याला तो दगडाचा रंग अंगाला लावून घेतो. पहिल्या भिंतीवर पिवळट, दुसऱ्यावर नारिंगी, तळाशी पोचेतो लालबुंद. जिथे सूर्य पोचतच नाही, फक्त वरच्या निळ्या आभाळाची फट दिसते, तिथे दगड जांभळा. दगड सगळीकडे एकच आहे, रंग वाटेत लागतात. अशा ठिकाणी तू कॅमेऱ्याच्या कपाळावरचा पांढरा दिवा पेटवलास, आणि वरून रंगत आलेला उजेड एका झटक्यात पुसून टाकलास. समईच्या उजेडातल्या गाभाऱ्यात ट्यूबलाइट लावणारे विश्वस्त असतात ना, त्यांच्यात तुझी भरती करायला हवी.

तुला आठवतं, सांदण दरीत आपण गेलो होतो? तिथेही अशीच चिंचोळी घळ, दोन्हीकडे उभे कातळ. मी तुम्हाला म्हणालो होतो की इथे फोटो अवघड आहे, कारण आपला सह्याद्रीचा बसाल्ट काळा, तो आलेला उजेड पिऊन टाकतो, परत देत नाही. तिथे वरच्या फटीतून थेट येणाऱ्या उजेडावरच काम भागवावं लागतं. पेजजवळचा तो नव्हाहो सँडस्टोन उलटा, मिळेल ते वाटून टाकणारा. काळ्या दगडाशी झुंजून तयार झालेल्या पोराला तो लाल दगड म्हणजे आयतं ताट होतं. त्याच्यावर तू सॉस ओतलास.

फ्लॅश नसलेले फोटो बिस्किटाच्या रंगाचे आलेत, ते का, हेही तुला कळलेलं नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवर होता. ऑटोचं काम काय? एखाद्या रंगाची छटा जास्त झाली की ती धुऊन टाकायची. तू कॅमेऱ्याला नारिंगी दाखवलंस, त्याने इमानाने ते धुतलं. व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर ठेवून द्यायचा आणि हात लावायचा नाही. ट्रायपॉड तिथे आता नेऊ देत नाहीत, ही सबब मला सांगू नकोस. आयएसओ १६०० किंवा ३२०० कर, कोपर बरगडीला टेकव, श्वास सोडून बटण दाब. कॅमेरा वर रोख, पण आभाळाची फट चौकटीबाहेर ठेव. ती आत आली की तेवढाच एक पांढरा ओरखडा राहतो आणि बाकी सगळं त्याच्यापुढे मरतं.

ज्या रेघा भिंतीवर वळत गेलेल्या तुला 'डिझाइन' वाटल्या, त्या काय आहेत माहीत आहे? तो दगड म्हणजे सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटाची वाळू. वाऱ्याने टेकड्यांच्या उतारावर थरावर थर टाकले, ते तसेच दगड झाले, आणि मग पुराच्या पाण्याने त्यांना कापलं. म्हणजे मेस्किट फ्लॅटवर तू जिच्यावर बूट घासलेस ती वाळू, आणि ही भिंत, मुळात एकच वस्तू. तिथे टेकडी बाहेरून पाहायची, इथे कापून उघडलेली. हे कळलेला माणूस त्या रेघांच्या मागे जातो. तुझ्या फोटोत रेघा कुठेही सुरू होतात आणि चौकटीच्या कडेला आपटून थांबतात.

वर तुझी कुरकुर, की वाटाड्या घाई करत होता, थांबू देत नव्हता. १२ ऑगस्ट १९९७ ला खालच्या अँटिलोप कॅनियनमध्ये ११ पर्यटक पुरात वाहून गेले. दरीवर फारसा पाऊस नव्हता. तो पडला होता काही मैल वर, आणि तिथलं पाणी भिंतीसारखं आत शिरलं. नव्हाहो लोकांच्या भूमीत तू पाहुणा आहेस. ते चल म्हणाले की निघायचं, काहीही न बोलता. त्यांच्या भाषेत वरच्या दरीच्या नावाचा अर्थच आहे, खडकातून पाणी वाहतं ती जागा. नाव ठेवणाऱ्याने सगळं सांगून ठेवलंय.

हॉर्सशू बेंडच्या कड्यावर, नदीवर पाय सोडून बसलेला तो फोटो तुझ्या आईला पाठवलेला नाहीस, अशी आशा करतो. खाली तीनशे मीटर काही नाही. वाळूचा खडक कडेला भुसभुशीत असतो, आणि वाकलेल्या माणसाच्या गळ्यातला कॅमेरा त्याला पुढे ओढतो. पुन्हा असं केलंस तर माझ्याकडे फोटो पाठवू नकोस. विषय संपला.

पाण्याच्या रंगाबद्दल मात्र बोलणार. नदी तू निळी केलीस, शाळेच्या नकाशातल्यासारखी. कोलोरॅडो या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी लालसर. गाळाने ती लाल असायची. १९६३ पासून वर ग्लेन कॅनियन धरणात पाणी अडतं, गाळ तिथेच बसतो, आणि खाली उतरतं ते नितळ, थंड, हिरवट पाणी. त्या हिरव्यात साठ वर्षांचा इतिहास आहे आणि तू तो स्लायडरने पुसलास. रंगपंचमी घरी खेळायची, नदीत नाही.

मॉन्युमेंट व्हॅली. इथे तर वरातीमागून घोडं! वर्षातून दोनदाच, मार्चअखेर आणि सप्टेंबरच्या मध्याला, तिथल्या पश्चिम मिटन सुळक्याची सावली मावळतीला नेमकी पूर्व मिटनवर पडते. लोक त्यासाठी सुट्ट्या जुळवतात. तू योगायोगाने त्याच आठवड्यात तिथे, आणि पोचलास तेव्हा सूर्य बुडालेला. का? ॲरिझोना उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे करत नाही, नव्हाहो भूमी करते. तू फिनिक्सच्या घड्याळावर, मावळत नव्हाहो घड्याळावर. दोन्हींत पूर्ण एका तासाचा फरक. तीन वर्षं त्या राज्यात भाडं भरतोस! आणि हुकल्यावर काय केलंस? गाडीत बसून निघून गेलास. सूर्य बुडल्यावर पाठ फिरवून पूर्वेकडे पाहिलं असतंस तर क्षितिजावर निळसर करडा पट्टा चढताना दिसला असता. ती पृथ्वीची स्वतःची सावली. तिच्यावर गुलाबी पट्टा, आणि त्या मऊ उजेडात ते लाल सुळके. वीस मिनिटं चालतो तो खेळ. फुकट असतो.

उशीर ॲन्सेल ॲडम्सलाही झाला होता. १ नोव्हेंबर १९४१, न्यू मेक्सिकोमधलं एर्नान्देस. संध्याकाळी परतताना रस्त्याकडेच्या गावावर चंद्र उगवलेला, दफनभूमीतल्या क्रूसांवर शेवटचं ऊन. गाडी थांबवून मोठा आठ बाय दहा इंची कॅमेरा लावला, आणि मीटर सापडेना. त्याच्या डोक्यात एक आकडा होता : चंद्राची उजळी, दर चौरस फुटाला अडीचशे कँडल. त्यावरून तोंडी हिशेब केला, एफ/३२ ला एक सेकंद, एक फिल्म. दुसरी घ्यायला होल्डर उलटा केला तेवढ्यात क्रूसांवरचं ऊन गेलं. त्याला स्वतःला तारीखही धड आठवत नव्हती, पुढे खगोल जाणणाऱ्यांनी चंद्राच्या जागेवरून ४ वाजून ४९ मिनिटं ही वेळ काढली. तुझ्या फाइलवर वेळ सेकंदासकट आयती छापून येते, आणि तिचा उपयोग मला, तुला पकडायला.

कॅनियनलँड्समधल्या मेसा आर्चला मात्र तू वेळेवर पोचलास, कबूल. पहाटे ट्रायपॉडच्या गर्दीत उभा राहिलास, त्याचे दोन गुण देतो. मग सूर्य वर येताच त्याच्यावर रोखून चाळीस फोटो, आणि दहाव्या मिनिटाला बॅग बंद. अरे, सूर्य काय तुमच्या फिनिक्सला उगवत नाही? तिथे बघायचं ते कमानीचं पोट. खालच्या उभ्या कड्यावर ऊन पडतं, ते उलटं वर उसळतं, आणि कमान खालच्या अंगाने निखाऱ्यासारखी फुलते. अँटिलोपमध्ये भिंतीवरून भिंतीवर खेळला तोच उजेड इथे खालून वर आला. तोही नंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत वाढत जातो, गर्दी पांगल्यावर. तू तोपर्यंत न्याहारीला.

परतताना एका वाळक्या झाडाकडे सरळ जमिनीवरून चालत गेलास, ते १९४० क्रमांकात दिसतं. ती काळपट, खडबडीत पापुद्र्यासारखी माती जिवंत असते. सूक्ष्म जीव आणि शेवाळं मिळून वाळू बांधून धरतात, आणि एक पाऊल पडलं की ती जखम भरायला कित्येक दशकं लागू शकतात. दगडावरून जायचं, नाहीतर ओढ्याच्या कोरड्या वाळूतून. ते झाड फोटोत आलंही नाही धड.

आता तुझी घार. डेथ व्हॅलीच्या दुसऱ्या टेकडीपासून प्रत्येक आकाशात उजव्या वरच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका आहे. ०२१४ ला तू नाव दिलंयस 'एकाकी घार'. तीच घार ग्रँड कॅनियनवर, तीच हॉर्सशू बेंडवर, तीच मॉन्युमेंट व्हॅलीत, कॅनियनलँड्समध्येही सोबतीला आली. नऊ दिवस, पाच ठिकाणं, एकाच जागी पंख न हलवता. चिरंजीव, तो सेन्सरवर बसलेला वाळूचा कण आहे. आणि इतका ठसठशीत दिसतो कारण तू सगळीकडे एफ/२२ लावलंस, 'सगळं शार्प येतं' म्हणून. एफ/२२ ला प्रकाश बारीक भोकाच्या कडेला वाकतो, दगडाचा पोत विस्कटतो, आणि शार्प येते ती फक्त धूळ. २४ मिलिमीटर, एफ/११, फोकस पावणेदोन मीटरवर. पायापुढच्या तीन फुटांपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं रेखीव. लिहून ठेव हातावर.

मीही १९९४ साली तिथे गेलो होतो, स्लाइड फिल्मचे सहा रोल घेऊन. पहिला रोल भर दुपारी ग्रँड कॅनियनवर संपवला, सगळा वाया, ३६ च्या ३६. उरले पाच आणि दिवस अकरा. मग आपोआप बसायला शिकलो. तुझं कार्ड संपतच नाही, हीच तुझी अडचण.

शनिवारी दुपारी चारला घरातून निघ. तुझ्या मागच्या टेकडीवरचा कुठलाही एक दगड निवड, बाटलीभर पाणी घे, लेन्स एकच. अंधार पडेपर्यंत उठायचं नाही. सहा फोटो, सातवा नाही, आणि प्रत्येकाखाली लिही की उजेड कुठून आला आणि कशावर आपटून आला. त्याआधी सेन्सर दुकानात देऊन साफ करून घे. शर्टाच्या टोकाने पुसायला जाशील, मी ओळखतो तुला.